आबांची दोन वयं आणि एक बंदूक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. शाळेतली पोरं म्हणतात, करुणाबाई खडू आपटून मोडतात. खरं आहे ते. पण आबांच्या बाबतीत जे झालं त्यात मी कुणावर रागावू हेच मला कळत नाही. अर्धा राग माझ्यावरच आहे, आणि तो कुठं नेऊन आपटायचा ते कुणी सांगत नाही.

आबा म्हणजे माझे वडील, मल्हारराव. आम्ही पडेगावला राहतो. पुंडलिकनगरातल्या एका बँकेच्या दारात आबा बावीस वर्षं बंदूक घेऊन उभे होते. बंदूक बँकेची नाही, आबांची स्वतःची. बारा बोअरची दुनळी, परवान्याची. स्वतःची परवान्याची बंदूक असेल तरच हे काम मिळतं. ज्याच्याकडं नाही त्याला काठी, शिट्टी आणि जवळजवळ निम्मा पगार. बावीस वर्षांत आबांनी एकदाही घोडा ओढला नाही. दर रविवारी सकाळी अंगणात पोतं टाकायचं, नळ्या खोलायच्या, गजाला चिंधी बांधून तेल फिरवायचं. आई म्हणायची, "माझ्या डोक्याला एवढं तेल कधी चोळलं नाय." आबा म्हणायचे, "तू गंजत नाय."

ही बंदूक त्यांच्या चुलत्याची, रामप्रसाद आज्ज्याची. आमची माणसं मेंढरं घेऊन फिरणारी. दिवाळीनंतर तळ हलायचा, ज्याच्या रानात खत पाहिजे त्याच्या रानात मेंढरं बसायची, आणि लांडगा कुठंही असायचा. लांडग्याहून वाईट म्हणजे टेम्पो घेऊन येणारे मेंढरांचे चोर. म्हणून आज्ज्यानं निजामाच्या अमदानीनंतर खटपट करून परवाना काढला होता. आज्जा चौऱ्याऐंशी साली वारला. त्याला पोरबाळ नव्हतं. बंदूक वारसाच्या नावावर झाली नाही तर सरकारजमा होणार होती, आणि वारस होते आबा.

कायदा म्हणतो एकवीस वर्षं पूर्ण पाहिजेत. आबांचं वय किती, हे आबांनाही माहीत नव्हतं. कागद एकच, तीन वर्षं गेलेल्या शाळेचा. त्या शाळेच्या गुरुजींनी आबांना डोक्यावरून हात न्यायला लावून पलीकडचा कान धरायला सांगितला होता. बोटं कानाला टेकली, म्हणजे पोरगा सहाचा, असं ठरलं. मागं मोजून तारीख लिहिली एक जून चौसष्ट. त्या रजिस्टरात अख्ख्या पानावर सगळ्यांचा जन्म एक जूनचा आहे. जणू अख्खी वस्ती एका दिवशी बाळंत झाली.

त्या हिशोबानं चौऱ्याऐंशीत आबा वीसचे. वर्ष कमी पडत होतं. गावच्या तलाठ्यानं सांगितलं, "शाळेचं काही दाखवू नको. मी दाखला देतो, एकोणसाठचा जन्म लिहितो. कोण बघतंय?" आणि खरंच कुणी बघितलं नाही. परवान्यावर एकोणसाठ. पुढं मतदार कार्ड काढायच्या वेळी आबांनी खिशातला परवाना दाखवला, म्हणून तिथंही एकोणसाठ. आधार कार्ड निघालं तेव्हा शाळेचा उतारा मागितला, म्हणून तिथं चौसष्ट. असे आबा वर्षानुवर्षं दोन वयं घेऊन बँकेच्या दारात उभे होते. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडवलं मी.

मी शिक्षिका आहे आणि शिक्षिका म्हटलं की बीएलओचं काम आलंच. म्हणजे मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं, मेलेल्यांची नावं काढायची, नवीन पोरांची घालायची, चुका दुरुस्त करायच्या. उन्हाळ्यात यादी हातात घेतली तेव्हा आपल्याच घराच्या ओळीवर नजर गेली. आबांचं वय पाच वर्षं जास्त. मला वाटलं, दुसऱ्यांच्या चुका काढत फिरते आणि आपल्याच बापाचं चुकीचं? आधारला जुळवून दुरुस्तीचा अर्ज भरला, तपासणीत "बरोबर आहे" असा शेरा मीच मारला, माझीच सही. महिन्याभरात नवीन चकचकीत कार्ड आलं. आबांच्या हातात दिलं आणि मी म्हणाले, "घ्या, पाच वर्षांनी तरणं केलं तुम्हाला." आबा हसले. त्यांनी जुनं कार्ड पेटीत टाकलं आणि नवीन पाकिटात ठेवलं. त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्यासारखी शहाणी मीच.

मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बँकेच्या रखवालदाराला सूट मिळते, पण दर वेळी अर्ज करावा लागतो, सोबत परवाना आणि मतदार कार्ड. आबांनी आजवर अशा कितीतरी वेळा सूट घेतली होती. ह्या वेळी अर्जाला नवीन कार्ड जोडलं. खिडकीतल्या बाबूनं परवाना बघितला, कार्ड बघितलं, आधार मागून बघितलं, आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मला तरी कधी?"

बंदूक ठेवून घेतली. सूट नाही. पंधरा दिवसांनी सुनावणी. परवाना राहणार की जाणार ते तिथं ठरणार होतं.

आबा घरी आले, बूट काढले, खुंटीकडं बघितलं. खुंटीवर नुसता पट्टा लटकत होता. मला म्हणाले, "करुणा, चौसष्ट धरलं तर काय होतंय?"

मी तोवर सगळं वाचून काढलं होतं. चौसष्ट धरलं तर परवाना काढताना ते वीसचे होते, म्हणजे खोटं सांगून परवाना काढला, म्हणजे परवाना रद्द. एकोणसाठ धरलं तर पासष्ट झाली, आणि आबांना बँकेवर लावणाऱ्या एजन्सीचा नियम असा की पासष्टनंतर बंदूकवाला नको. म्हणजे चौसष्ट धरलं तर बंदूक जाते, एकोणसाठ धरलं तर नोकरी जाते. आणि बंदूक गेली की नोकरीही जातेच.

आबा म्हणाले, "म्हणजे कसं बी मेलोच."

"तुम्ही कामून मरता? चूक माझी आहे."

"तुपली कशी? तू खरं लिहिलं."

"खरं कुठं लिहिलं, आबा? आधारला जुळवून लिहिलं."

आबांनी तेल लावलेली चिंधी उचलली आणि रिकाम्या पट्ट्यालाच चोळत बसले. मी चुलीकडं निघून गेले.

त्याच आठवड्यात नानासाहेबांची सभा होती. नानासाहेब आमचे आमदार, सहाव्यांदा उभे. वय अठ्ठ्याहत्तर. हे माझ्या अंदाजानं नाही, माझ्याच यादीत आहे, त्यांचं घर माझ्याच भागात येतं. पडेगावच्या सभागृहात त्यांनी "लोकांशी गप्पा" ठेवल्या होत्या. सरकारी कामावर असल्यामुळं मला तिथं तोंड उघडता येत नव्हतं. आबांना एकटं सोडवेना म्हणून मी मागं दाराशी उभी राहिले, ओठ घट्ट मिटून.

नानासाहेबांना दोन माणसांनी धरून व्यासपीठावर चढवलं. पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या आत कमरेला पिस्तूल. झाकत नव्हते, दाखवत होते. ह्याच माणसाच्या भाच्याच्या वरातीत चार बार हवेत उडाले होते. त्या वेळी आबांनाही बोलावणं आलं होतं, "मल्हारराव, तुमची दुनळी घेऊन या, शोभा येईल." आबांनी सांगितलं होतं, "बंदूक शोभेला नसती, साहेब." गेले नाहीत. त्या वरातीतल्या बंदुकांचं पुढं काय झालं ते मला विचारू नका. काही झालं नाही.

सभेत एका पोराला माईक मिळाला. त्यानं विचारलं, "साहेब, सरकारी नोकर अठ्ठावन्न-साठला घरी जातो. पुढाऱ्याला वयाची अट का नाही?"

लोक हसले. नानासाहेबही हसले. म्हणाले, "बाळा, लोकशाहीत वय बघत नसतात, अनुभव बघतात. लोकांनी निवडून दिलं तर मी शंभराचा होईपर्यंत उभा राहीन."

टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं बंदुकांचा विषय काढला. म्हणाला, शहरात परवाने खिरापतीसारखे वाटलेत, सगळे रद्द करा. नानासाहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. ऐऱ्यागैऱ्याच्या हातात शस्त्र नको. कडक तपासणी पाहिजे. कागद चोख पाहिजेत. मतदार यादी चोख पाहिजे, परवाने चोख पाहिजेत." एक बाई म्हणाली, "माझ्या सासूचं नाव यादीतून उडालं, तिनं मतदान कसं करायचं?" नानासाहेब म्हणाले, "कागद दाखवा ना, आई. कागद असेल त्याला कोण अडवतं?"

तेव्हा आबा उठले. माईक मागितला नाही. आबांचा आवाज मेंढरं हाकलेला आवाज आहे, त्याला माईक लागत नाही.

"नानासाहेब, मी मल्हारराव. मपली बंदूक ठाण्यात जमा हाय. तुमची कमरेला कशी?"

नानासाहेबांचा कार्यकर्ता पुढं आला. "साहेबांच्या जिवाला धोका आहे, त्यांना सूट आहे."

"बँकेच्या दारात मपल्या जिवाला काय लाडू मिळतेत व्हय? मला सूट नाय. बरं, दुसरं. एजन्सी म्हणती पासष्टच्या वर माणसाच्या हातात बंदूक देता येत नाय, हात थरथरतो. मपला हात बघा." आबांनी उजवा हात सरळ पुढं धरला. दगडासारखा स्थिर. "आता तुम्ही तुमचा धरा, साहेब."

नानासाहेबांचा हात टेबलावर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला. कार्यकर्त्यांनी घोषणा सुरू केल्या आणि दोघा पोरांनी आबांना दंडाला धरून बाहेर आणलं. धक्काबुक्की काही झाली नाही. "मामा, जाऊ द्या, मोठी माणसं हायत," असं गोड बोलून बाहेर काढलं. त्याचाच मला जास्त संताप आला. मारलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

सुनावणीच्या दिवशी आबांनी सोबत सुगंधाबाई आत्याला घेतलं. आबांची थोरली बहीण. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, आणि जन्माला आलेल्या प्रत्येक पोराचं तिला पाठ आहे. आमच्याकडं तारीख नसते, तळ असतो. कोण कुठल्या तळावर जन्मलं आणि त्या वर्षी काय झालं, एवढंच. बाईमाणसांनी ते लक्षात ठेवायचं, ही रीत. सोयरीक जुळवताना बामणाच्या आधी आत्याला विचारतात.

अधिकारी तरुण होते, माझ्याहून लहान असतील. वागायला वाईट नव्हते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, तुमचा भाऊ कधी जन्मला?"

आत्या म्हणाली, "हर्सूलच्या तलावावर तळ होता. दिवाळी होती. पाटलाच्या घरी रेडू लावला होता, चीनची लढाई चालू होती. पाटलीणबाईनं पाटल्या काढून दिल्या लढाईला, मी डोळ्यानं बघितलं. त्याच रात्री हा झाला. पहाटं लांडगा आला आणि सात मेंढरं नेली. म्हणून ह्याला लई दिवस सात्या म्हणायचे."

मी मागं बसले होते. चीनची लढाई. दिवाळी. मी इतिहास शिकवते, दर वर्षी शिकवते. बासष्ट साल. बोटावर मोजलं, परत मोजलं. बासष्टच्या दिवाळीचा जन्म, म्हणजे चौऱ्याऐंशी साली आबा एकवीस पूर्ण. परवाना कायदेशीर. तलाठ्याचं खोटं लागतच नव्हतं. आणि आज आबा पासष्टच्या आत. बंदूकही राहते, नोकरीही राहते. खरं वय धरलं तर काहीच बिघडत नाही.

मी उठून हेच सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण शिपाई दारातून डोकावला.

अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण बासष्टचा कागद आहे का?"

आत्या म्हणाली, "कागद नाय साहेब. पोरगं हाय. हे काय, तुमच्या म्होरं बसलंय."

ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगते. म्हणाले, "माझ्यासमोर दोन तारखा आहेत. दोनपैकी एक घ्यावी लागेल. तिसरी घेता येत नाही." मग आबांकडं वळून म्हणाले, "एकोणसाठ खरं असेल तर परवाना राहील. पण मग मतदार यादीतली दुरुस्ती चुकीची ठरते. ती कुणी केली, कशी केली, त्याची चौकशी लागेल. बीएलओला नोटीस जाईल."

बीएलओ मागं बसली होती. आबांनी वळून बघितलं नाही.

मी म्हणाले, "जाऊ दे नोटीस. आबा, एकोणसाठ सांगा." बंदूक घरात राहिली असती. नोकरी जाऊ दे, पण आज्ज्याची बंदूक खुंटीवर राहिली असती. मला नोटीस आली असती, फार तर वेतनवाढ थांबली असती, मी भांडले असते. भांडायला मी भीत नाही.

आबा म्हणाले, "साहेब, लिहा. मी चौऱ्याऐंशीला खोटं बोललो. पोरीनं लिहिलंय तेच खरं. चौसष्ट."

"आबा!"

"गप, माय. साहेब लिहितेत."

साहेबांनी लिहिलं. आबांनी सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडत करतात. हात थरथरला नाही. आठवड्यानं बंदूक सरकारजमा झाल्याची पावती आली, तिच्यावर लिहिलं होतं, जुनी दुनळी बंदूक, एक नग. बावीस वर्षं तेल पाजलेली, रामप्रसाद आज्ज्यानं लांडग्यावर रोखलेली. एक नग.

घरी मी ताटं आपटली. आबांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? खोटं बोललो म्हणून सही करून आलात. तुम्ही खोटं बोलला नव्हता. तुम्ही बासष्टचे आहात."

आबा भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "मला ठावं हाय. तुला ठावं हाय. आत्याला ठावं हाय. सरकारला ठावं नसंल तर मी काय करू? बंदूक गेली तर काठी धरीन. तुपल्या नावावर डाग पडला तर ते कशानं पुसू?"

आता आबा त्याच बँकेच्या दारात काठी आणि शिट्टी घेऊन उभे असतात. बंदूकवाला नवीन आलाय, चोवीस वर्षांचा पोरगा. बंदूक खांद्यावर उलटी टाकून मोबाईल बघतो. आबा त्याला रोज सांगतात, नळी खाली धर. तो म्हणतो, "टेन्शन मत लो मामा."

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाजवळ टेबल टाकून यादी घेऊन बसले होते. साडेनऊला नानासाहेबांची गाडी आली. आधीसारखंच दोघांनी धरून आणलं. रांगेला बगल देऊन सरळ आत निघाले. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "नानासाहेब, ओळखपत्र."

कार्यकर्ता म्हणाला, "अहो बाई, साहेबांना ओळखत नाही का?"

"ओळखते. कागद असेल त्याला कोण अडवतं?"

ओळखपत्र त्यांच्याकडं नव्हतं. कशाला असेल, त्यांना जन्मात कुणी मागितलं नव्हतं. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गाडी घरी पळाली आणि पाऊण तासानं कार्ड घेऊन आली. तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अनुभव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून घाम पुसत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते बरं वाटणं रांगेतल्या आबांवर नजर जाईपर्यंतच टिकलं.

आबांचं धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात ते नवीन कार्ड. टेबलाशी आले आणि मी मागायच्या आधीच त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला कशाला? जा आत."

"नाय नाय. साहेबाला मागितलं, मला बी माग. तपासून घे, माय. बराबर हाय का बघ."

मी कार्ड उचललं. मल्हारराव. पडेगाव. जन्म एक जून एकोणीसशे चौसष्ट. मागं तीस-चाळीस माणसं बघत होती, शेजारी नानासाहेब खुर्चीवर बघत होते. यादीतल्या ओळीशी कार्ड ताडून बघितलं. माझ्याच हातची दुरुस्ती, माझ्याच सहीची.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि आबांच्या नावापुढं खूण केली.